परदेशात एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करायचंय, शिफारसपत्रं कोणाकडून घ्यावीत?

तुम्ही नाशिकमध्ये लॉच्या पाचव्या वर्षाला आहात, इंग्लंड-अमेरिकेत अर्ज करायचेत आणि वडिलांच्या ओळखीतले एक निवृत्त न्यायाधीश पत्र द्यायला तयार आहेत. ते घ्यावं का, असं विचारलंय. माझं उत्तर: नको. त्यांनी तुमचं लिखाण कधी वाचलं असेल तर गोष्ट वेगळी.

मी स्वतः हे करून बसलेय. पहिल्यांदा अर्ज केले त्या वर्षी मामांच्या ओळखीनं एका मोठ्या माणसाचं पत्र मिळवलं. त्याची प्रत त्यांनी कौतुकानं मलाही दिली. जाड कागद, झोकदार लेटरहेड आणि मजकूर चार ओळींचा: अर्जदारास व्यक्तिशः ओळखतो, वर्तणूक चांगली आहे. असा दाखला घरमालक भाडेकरूलाही देतो. त्या वर्षी सगळीकडून नकार आले. पत्रामुळेच आले असं म्हणणार नाही, माझे गुणही बेताचेच होते. पण त्या पत्रानं काही मदत केली नाही एवढं नक्की.

दुसऱ्या वेळी मी सीबीएस बसस्थानकाजवळच्या ज्या वकिलांकडे ज्युनिअर होते त्यांनाच विचारलं. जिल्हा न्यायालयाबाहेर त्यांचं नाव कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. पण माझी पहिली कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, त्यांनी वाचली होती. दाव्याच्या बारा कलमांना मी एकच उत्तर ठोकलं होतं: 'मजकूर खोटा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' सरांनी लाल पेनानं आख्खं पान आडवं कापलं आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ८ पुढे सरकवला. प्रत्येक विधान नेमकेपणानं नाकारायचं असतं, मोघम नाकारलं तर ते कबूल केलं असं धरलं जाऊ शकतं. तिसऱ्या मसुद्यात मी कलमवार उत्तरं दिली आणि एका कलमात वादीचा खरेदीखताचा दिनांक सातबाऱ्यावरच्या फेरफाराशी जुळत नाही हे शोधून काढलं. सरांनी पत्रात हेच लिहिलं. चूक, दुरुस्ती आणि मग मला स्वतःला सुचलेली गोष्ट. विद्यापीठाला हवं असतं ते एवढंच: ही मुलगी कायदा वाचून विचार करते का, आणि ते कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का.

पण सगळी पत्रं वकिलांची चालत नाहीत. मी अर्ज केले तेव्हा केंब्रिजला एलएलएमसाठी दोन आणि ऑक्सफर्डला बीसीएलसाठी (तिथली एलएलएमसारखी पदवी) तीन पत्रं लागत होती, आणि भर शिकवणाऱ्यांच्या पत्रांवर होता. आपली खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे हजेरी कशीबशी भरायची, परीक्षेच्या आधी नोट्स वाचायच्या. सरांना आपलं नाव कळणार कुठून? तुमच्याकडे अजून काही महिने आहेत. मूट कोर्टचं (नकली खटल्याच्या स्पर्धेचं) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, तपासणारे किंवा प्रोजेक्टवर तोंडी प्रश्न विचारणारे जे कोणी असतील त्यांच्याकडे आणखी एक निबंध घेऊन जा आणि तो फाडून काढायला सांगा. विभागप्रमुखच हवेत असं नाही. तुमचे सहा पेपर तपासलेली तासिका तत्त्वावरची मॅडम जास्त उपयोगाची.

'तूच लिहून आण, मी सही करतो' हे वाक्य ऐकायला मिळेलच. ऐकू नका. तुमचं उद्देशपत्र (का शिकायचंय हे सांगणारं तुमचं पत्र) आणि शिफारसपत्रं एकाच हातची असली की वाचणाऱ्याला कळतं. त्याऐवजी त्यांना एक पान मुद्दे द्या: कोणता विषय, कोणतं काम, त्यांनी काय सुधारलं होतं. सोबत जुना निबंध, त्यांच्या शेऱ्यांसकट.

अमेरिकेच्या बऱ्याच लॉ स्कूल्सचे अर्ज एलसॅक या संस्थेमार्फत जातात आणि पत्रंही शिफारस करणारा थेट तिथेच पाठवतो. तिथे पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असं विचारतात. सोडा. तुम्ही वाचणार नाही म्हटलं की लिहिणारा मोकळेपणानं लिहितो आणि वाचणाराही विश्वास ठेवतो. (आपल्याकडच्या क्लॅट किंवा सीईटीला यातलं काहीच लागत नाही, त्यामुळे घरच्यांना हा सगळा प्रकार समजावताना वेळ जाईल.)

मुदती बऱ्याचदा नोव्हेंबर ते जानेवारीत असतात. तेव्हा इकडे दिवाळीची सुट्टी आणि विद्यापीठाच्या परीक्षा. गणपतीच्या सुमारास विचारून ठेवा. शिक्षकांचं पत्र त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवरून गेलं तर बरं; तो नसेल तर कॉलेजकडून करून घ्या, त्याला वेळ लागतो.

आणि पत्र भरण्यासाठी विद्यापीठ शिफारस करणाऱ्याला मेलवर लिंक पाठवतं, ती पोचली का, हे फोन करून विचारा. माझ्या सरांना ती पोचली होती. 'इंग्लंडहून लॉटरीचं काहीतरी आलं होतं, उडवलं,' म्हणाले. मी धावत ऑफिसला गेले, ट्रॅशमधून मेल काढून दिली. मग त्यांनी मला बाहेरच्या बाकावर पक्षकारांमध्ये बसवलं आणि दार लावून तासभर टाइप करत राहिले. पत्रात काय होतं हे प्रवेश मिळाल्यावर त्यांनीच सांगितलं.