तुमचे प्रश्न : बंदरावर जेवायला जाताना

प्रश्न : ताई, आम्ही घाटावरची माणसं, जानेवारीत सगळी फॅमिली घेऊन हर्णैला चाललोय. मागच्या खेपेला कोकणातच एका हॉटेलात मेन्यूकार्डवर पापलेटपुढे नुसतं 'साइजप्रमाणे' लिहिलेलं, आम्ही बिनधास्त ऑर्डर दिली आणि बिल बघून ह्यांचा चेहराच पडला. परत तसं होऊ नये म्हणून काय करायचं? मासा ताजा आहे हे कसं ओळखायचं? आणि सासूबाई शाकाहारी आहेत.
– एक वाचक, सातारा

उत्तर : 'साइजप्रमाणे' म्हणजे फसवणूकच असं नाही हो. लिलावात भाव रोज वरखाली होतो, त्यामुळे छापील रेट त्यांनाही परवडत नाही, पण तुम्ही विचारलंच नाही तर साइज तेच ठरवणार ना! सरळ सांगायचं, मासा कच्चा आणून दाखवा, आणि दाखवला की तिथल्या तिथे, हा अख्खा तळून सगळं धरून केवढ्याला? लाजायचं कशाला, बंदरावर घासाघीस केल्याशिवाय कुणी काही घेत नाही.

ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लालभडक, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. कापलेल्या तुकडीवरून यातलं निम्मं कळत नाही म्हणून अख्खाच बघायचा. आधीच मसाला चोपडून ठेवलेला दाखवला तर मी तरी सरळ दुसरं काहीतरी मागवते.

पण खरी गंमत पुढेच आहे. आपण घरूनच सुरमई-पापलेट ठरवून निघतो. 'सुरमई आहे का' विचारलं की उत्तर 'आहे' हेच येणार, कारण टुरिस्टला तीच लागते, मग ती बर्फात भरून ठेवलेलीच असते. त्यापेक्षा 'आज काय आलंय' असं विचारा. बांगडा, मांदेली, सौंदाळे असलं काही नाव आलं तर खुशाल मागवा, स्वस्तही पडतं आणि चवीला कुठेही कमी नाही (मांदेली कुरकुरीत तळली की काट्यासकट खाता येते, पोरं चिप्ससारखी उडवतात). संध्याकाळी बंदरावर लिलाव असतो, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग आणि इकडे टोपल्या, बर्फ, ओरडाआरडा, तो बघाच. तिथून मासे घेऊन जवळच्या खानावळीत करून मिळतात, पण करणावळ किती आणि आज करून देणार का हे आधी विचारून या, नाहीतर पिशवी हातात धरून दारोदार फिराल.

सासूबाईंसाठी सकाळीच फोन करून वालाचं बिरडं सांगून ठेवा, आयत्या वेळी पनीरशिवाय काही मिळत नाही. तवा आणि तेल वेगळं वापरणार का तेही विचारा. सोलकढी त्यांना चालेल, त्यात नारळाचं दूध आणि आमसूलच असतं.

प्रश्न : जुलैत पाऊस बघायला कोकणात जायचंय, ताजं पापलेट मिळेल का?

उत्तर : अवघड आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना आपल्याकडे मासेमारी बंद, माशांच्या विणीचे दिवस असतात आणि समुद्रही खवळलेला. त्यामुळे बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, पापलेट बर्फातलं नाहीतर बाहेरून आलेलंच असणार. तेव्हा खाडीतलं काय आहे ते विचारा, चिंबोऱ्या मिळाल्या तर नशीब, नाहीतर सुकटीची चटणी आणि कोंबडी-वडे. आणि हो, कधीही गेलात तरी तळहातापेक्षा छोटी पापलेटं ताटात आली तर परत पाठवा. 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलंय ते उगाच नाही, पिल्लंच खाल्ली तर मोठी कुठून येणार?

प्रश्न : बांगडा खाल्ल्यावर तासाभरात तोंड लालबुंद झालं, अंगाला खाज सुटली. आता मासे कायमचे बंद का?

उत्तर : ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, खरी अ‍ॅलर्जीही असू शकते. पण बांगडा, सुरमई, कुपा (टूना) हे मासे बर्फाशिवाय उन्हात पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन नावाचं रसायन तयार होतं, ते तळून-शिजवून जात नाही आणि त्रास अगदी अ‍ॅलर्जीसारखाच होतो. सोबतच्यांनाही तेच झालं होतं का ते आठवून डॉक्टरांना सांगा. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर मात्र वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.