अमेरिकेचा 'विस्तार', 'वसाहतवाद' की 'साम्राज्यवाद'? १८९८ च्या निमित्ताने

विचारणा अशी आहे. इतिहासाच्या एका टिपणात पुढील वाक्य आले आहे: "१८९८ साली स्पेनचा पराभव करून अमेरिकेने फिलिपीन्स मुक्त केले, हवाईचे विलीनीकरण केले आणि क्यूबा व पोर्तो रिको येथे वसाहती वसवल्या; या विस्तारवादाची कारणे व परिणाम सांगा." अमेरिकेत सम्राट नसताना 'विस्तारवादा'ऐवजी 'साम्राज्यवाद' म्हणता येईल का, की 'वसाहतवाद' अधिक बरा, असे विचारले आहे. 'साम्राज्यवाद' हाच शब्द योग्य आहे, असे माझे मत आहे. मात्र तेवढा एक शब्द बदलून हे वाक्य दुरुस्त होणार नाही, कारण त्यातली 'मुक्त करणे', 'विलीन करणे' आणि 'वसवणे' ही तिन्ही क्रियापदे 'विस्तारवादा'पेक्षाही जास्त दिशाभूल करतात.

आधी सम्राटाची अडचण पाहू. 'साम्राज्य' हा शब्द मराठी माणसाच्या कानावर दर गणेशोत्सवात पडतो. मंत्रपुष्पांजलीत 'साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं वैराज्यं' अशी जी मालिका येते, ती ऐतरेय ब्राह्मणातील असून तिच्यात सत्तेचे निरनिराळे प्रकार मोजलेले आहेत आणि शेवटी 'पृथिव्यै समुद्रपर्यन्ताया एकराट्' अशी आकांक्षा आहे. त्या कल्पनेत सत्ता समुद्राच्या काठापर्यंत पोहोचली म्हणजे पूर्ण झाली. आजच्या राजकीय मराठीत मात्र या शब्दाला राजसूय करणाऱ्या सम्राटाची गरज उरलेली नाही. एका राज्याने दुसऱ्या लोकसमूहावर त्याच्या संमतीवाचून सत्ता गाजवणे, हा त्याचा रूढ अर्थ आहे. फ्रान्समध्ये १८७० नंतर प्रजासत्ताक होते आणि त्याच प्रजासत्ताकाने इंडोचायनाचा मोठा भाग ताब्यात घेतला, तरी फ्रेंच साम्राज्य म्हणताना कोणी अडखळत नाही.

स्वातंत्र्य चळवळीच्या काळात मराठी वृत्तपत्रे 'साम्राज्यशाही' असे लिहीत, तो शब्द आता मागे पडत चालला आहे आणि मला त्याची हळहळ वाटते. 'वाद' म्हटले की विचारसरणी किंवा धोरण डोळ्यांपुढे येते. 'शाही' म्हटले की प्रत्यक्ष अंमल येतो, मग ती निजामशाही असो, नोकरशाही असो की लोकशाही. १८९८ नंतरच्या अमेरिकेचे वर्णन करताना लोकशाही आणि साम्राज्यशाही हे दोन्ही शब्द एकाच सरकारला एकाच वेळी लावावे लागतात, आणि तसे लावण्यात व्याकरणाची वा तर्काची कोणतीही चूक होत नाही.

'विस्तार' हा शब्द तटस्थ वाटतो, पण तसा तो नाही. हा वाद खुद्द अमेरिकेत झडलेला आहे. १९०० च्या निवडणुकीत विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने साम्राज्यवाद हाच निवडणुकीचा सर्वांत मोठा मुद्दा असल्याचे जाहीरनाम्यात म्हटले, तर अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या समर्थकांना तो शब्द झोंबत असे आणि ते 'विस्तार' म्हणत. त्यांचा युक्तिवाद असा होता, की १८०३ साली लुइझियाना आणि १८६७ साली अलास्का विकत घेणाऱ्या देशाने आणखी काही बेटे घेतली, यात नवीन ते काय? १८९८ साली बोस्टन येथे सुरू झालेल्या साम्राज्यवादविरोधी संघात पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी, कामगार नेते सॅम्युअल गॉम्पर्स आणि लेखक मार्क ट्वेन असे एरवी एका पंगतीला न बसणारे लोक एकत्र आले होते, आणि शासितांच्या संमतीवाचून राज्य करणे हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याशी विसंगत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. (त्यांच्यापैकी काहींचा विरोध फिलिपिनो लोकांविषयीच्या आस्थेतून नव्हता, गौरेतर लोक आपल्या देशात नकोत, या तिरस्कारातून होता, हेही सांगितले पाहिजे.)

त्या दोन शब्दांमधला खरा फरक कायद्यात सापडतो. १७८७ पासून अमेरिकेची रीत अशी होती, की नवा प्रदेश घ्यायचा, तिथल्या मूळ जमातींना हुसकावून लावायचे, गोरे शेतकरी पुरेसे वसले की त्या प्रदेशाला बरोबरीच्या राज्याचा दर्जा द्यायचा. क्रूर असला तरी त्याला 'विस्तार' म्हणता येते, कारण शेवटी देश स्वतःच मोठा होत होता. १८९८ मध्ये हाती आलेली बेटे दाट वस्तीची होती, आणि फिलिपीन्सला किंवा पोर्तो रिकोला राज्य करून घेण्याचा सत्ताधाऱ्यांचा मुळीच विचार नव्हता.

कारणांकडे पाहिले तरी हा फरक दिसतो. १८९० च्या जनगणनेने पश्चिमेकडील सरहद्द आता उरली नसल्याचे नोंदवले; १८९३ मध्ये मोठी मंदी आली आणि कारखान्यांत व शेतांत पिकणारा माल देशात खपत नाही, त्याला परदेशी बाजारपेठ हवी, ही भावना उद्योगपतींत बळावली; आल्फ्रेड महॅन (Mahan) या नौदल अधिकाऱ्याने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून समुद्रावरील सत्तेचे महत्त्व मांडले आणि ते थिओडोर रूझवेल्ट यांच्यासारख्या तरुण राजकारण्यांना पटले. वाफेच्या युद्धनौकांना वाटेत कोळसा भरावा लागे. चीनच्या बाजारापर्यंत जायचे तर प्रशांत महासागरात ठरावीक अंतरावर हक्काची बंदरे लागत. या गरजेला जमीन फारशी नको होती, माणसे तर नकोच होती. हवे होते ते बंदर, जकात आणि लष्करी तळ. त्यावर गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा आणि 'मागासांना सुधारण्याच्या' कर्तव्याचा मुलामा चढला. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९९ साली 'गोऱ्या माणसाच्या ओझ्या'ची जी कविता प्रसिद्ध केली, ती अमेरिकेने फिलिपीन्सचा भार उचलावा म्हणून लिहिलेली होती. आपल्याकडे ती सहसा हिंदुस्थानाविषयीची समजली जाते.

आता 'वसाहत'. या शब्दात वसणे आहे. औद्योगिक वसाहत, पोलीस वसाहत, कामगार वसाहत असे आपण रोज म्हणतो, तेव्हा लोक येऊन राहिल्याचे चित्र समोर असते. फिलिपीन्समध्ये अमेरिकन लोक मोठ्या संख्येने कधीच राहायला गेले नाहीत. सैनिक गेले, अधिकारी गेले, आणि १९०१ साली 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे शिक्षक मनिलात उतरले, ज्यांच्या पाठीमागून इंग्रजी त्या देशात शिरली ती आजतागायत तिथली एक राजभाषा आहे. शिवाय १८५६ च्या एका कायद्याने पक्ष्यांच्या विष्ठेचे खत असलेली निर्जन बेटे अमेरिकन नागरिकांना आपल्या देशाच्या नावाने ताब्यात घेता येत. तिथे वसाहत कसली आणि कोणाची? तेव्हा "फिलिपीन्स ही अमेरिकेची वसाहत होती" हे चालेल, कारण पारतंत्र्यातील प्रदेश हा अर्थ आता रूढ आहे. "वसाहती वसवल्या" हे मात्र चालणार नाही. क्यूबाला तर 'वसाहत' म्हणणेही बरोबर नाही, त्याचे कारण पुढे येईल.

हवाईबाबत 'विलीनीकरण' या शब्दाला माझी सक्त हरकत आहे. आपल्या भाषेत तो शब्द १९४७ नंतरच्या संस्थानांच्या विलीनीकरणाने घडवलेला आहे आणि त्यात निदान करारनाम्याची, सहीची, बहुतेक ठिकाणी प्रजेच्या इच्छेची छाया आहे. हवाईत काय घडले ते पाहा. १८७५ च्या करारामुळे तिथली साखर अमेरिकेत विनाजकात जाऊ लागली आणि मिशनऱ्यांच्या वंशजांसह अमेरिकन मळेवाले गब्बर झाले. १८९० च्या कायद्याने अमेरिकेने सर्वच देशांच्या कच्च्या साखरेवरील जकात काढली आणि स्वदेशी उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले. हवाईच्या साखरेचा फायदा एका फटक्यात गेला. (साखरेच्या भावाने सरकारे हलतात, हे महाराष्ट्राला समजावून सांगायला नको.) हवाई अमेरिकेतच गेले तर तेच अनुदान आपल्याला मिळेल, हे अनेक मळेवाल्यांच्या लक्षात आले. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांनी राजसत्तेचे अधिकार परत आणणारी राज्यघटना मांडू पाहताच या गटाने त्यांना पदच्युत केले, आणि अमेरिकेचे तिथले राजनैतिक प्रतिनिधी जॉन स्टीव्हन्स यांच्या सांगण्यावरून 'बोस्टन' या युद्धनौकेवरील सैनिक होनोलुलूत उतरले. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी करवून हे कृत्य गैर ठरवले, पण राणी गादीवर परतल्या नाहीत. १८९७ साली एकवीस हजारांहून अधिक हवाईयन लोकांनी सह्यांचे अर्ज वॉशिंग्टनला पाठवले. सिनेटमध्ये करारासाठी लागणारे दोन तृतीयांश बहुमत जमेना, म्हणून जुलै १८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध चालू असताना, साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने काम भागवले गेले. डलहौसीने १८४८ साली सातारचे राज्य घेतले, त्याला मराठीत कोणी विलीनीकरण म्हणत नाही. ते खालसा झाले असे म्हणतात. हवाईही खालसाच झाले.

फिलिपीन्स 'मुक्त' झाले, या विधानाला तारखाच उत्तर देतात. एमिलिओ आगिनाल्दो यांनी १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले होते. १० डिसेंबरला पॅरिसच्या तहात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन ती बेटे अमेरिकेच्या हवाली केली आणि त्या वाटाघाटींत फिलिपिनो प्रतिनिधीला स्थान नव्हते. पुढच्या फेब्रुवारीत मनिलाजवळ गोळीबार होऊन जे युद्ध पेटले, त्यात चार हजारांवर अमेरिकन सैनिक, सुमारे वीस हजार फिलिपिनो लढवय्ये आणि हिंसा, उपासमार व रोगराई यांमुळे दोन लाखांपर्यंत सामान्य लोक मेल्याचे मानले जाते. क्यूबात स्पॅनिश सेनापती वेलर यांनी खेड्यांतील लोकांना छावण्यांत कोंडले, म्हणून अमेरिकेत संताप उसळला होता. तीनच वर्षांनी बातांगास प्रांतात अमेरिकन सैन्याने तोच उपाय योजला.

शब्दांच्या दृष्टीने याहून लक्षणीय गोष्ट अशी, की अमेरिकन सरकारी कागदांत या युद्धाला दीर्घकाळ 'फिलिपीन्समधील बंड' म्हटले जाई. बंड म्हणायचे तर मुळात सत्ता कायदेशीर होती असे गृहीत धरावे लागते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने आपल्या सूचीत 'फिलिपीन्स-अमेरिका युद्ध' हे नाव स्वीकारले ते १९९९ साली. 'शिपायांचे बंड' आणि 'स्वातंत्र्यसमर' या शब्दांवरून १८५७ विषयी आपल्याकडे झालेला खल ज्याला माहीत आहे, त्याने निदान मराठीत आगिनाल्दोंच्या लोकांना 'बंडखोर' म्हणू नये. वाक्यात "स्पेनकडून फिलिपीन्स घेतले" असे सरळ लिहावे. स्वातंत्र्य त्या देशाला ४ जुलै १९४६ रोजी मिळाले.

क्यूबासाठी मराठीत अगदी नेमका शब्द आहे: मांडलिक. युद्धापूर्वीच अमेरिकन काँग्रेसने क्यूबा आपल्या राज्याला जोडणार नाही असे वचन दिले होते, त्यामुळे तो देश खालसा करता आला नाही. मग १९०१ साली प्लॅट दुरुस्ती क्यूबाच्या राज्यघटनेत घालायला लावली गेली. तिच्यानुसार क्यूबाने स्वातंत्र्याला बाधक तह परकीयांशी करायचे नव्हते, ऐपतीबाहेर कर्ज काढायचे नव्हते, नाविक तळांसाठी जमीन द्यायची होती आणि अमेरिकेचा हस्तक्षेपाचा हक्क मान्य करायचा होता. झेंडा आपला आणि परराष्ट्रनीती दुसऱ्याच्या मुठीत, ही व्यवस्था वसईच्या तहानंतरच्या दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्याला परिचित होती. प्लॅट दुरुस्ती १९३४ मध्ये रद्द झाली. तिच्या आधारे १९०३ साली भाड्याने घेतलेला ग्वांतानामोचा तळ अजून अमेरिकेकडे आहे. १९०५ पासून डोमिनिकन प्रजासत्ताकाची जकातनाकी अमेरिकेने चालवली आणि वसुलीतील ५५ टक्के रक्कम कर्जफेडीसाठी बाजूला काढली, तेथेही 'मांडलिक' शब्द चालेल. हैतीत १९१५ ते १९३४ अमेरिकन फौज बसून राहिली, तेथे मात्र 'लष्करी ताबा' म्हणणे भाग आहे.

राहता राहिले पोर्तो रिको, आणि तिथे कोणतीही भाषा थकेल. सान हुआनहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात लावली गेली, तेव्हा व्यापाऱ्याने दावा लावला: पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग असेल तर देशातल्या देशात जकात कशी? १९०१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचा दावा फेटाळला. न्यायमूर्ती व्हाइट यांच्या निकालपत्राचा आशय असा, की हे बेट आंतरराष्ट्रीय दृष्टीने परका देश नाही, कारण त्यावर अमेरिकेचे सार्वभौमत्व आहे. पण देशांतर्गत अर्थाने ते अमेरिकेला परकेच आहे. म्हणजे मालकी पूर्ण, राज्यघटना मात्र लागू होईल तेवढीच. तेथील लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळाले, तरी बेटावर राहणाऱ्याला अध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत नाही आणि काँग्रेसमधील त्यांच्या प्रतिनिधीला सभागृहातील अंतिम मतदानाचा हक्क नाही. १९५२ पासूनचे स्पॅनिश अधिकृत नाव शब्दशः घेतले तर 'मुक्त सहयोगी राज्य' असे होते आणि त्यातले तिन्ही शब्द वादग्रस्त आहेत. मराठीत 'राज्य' लिहिल्यास टेक्सासची बरोबरी सूचित होते, 'प्रांत' लिहिल्यास प्रशासकीय विभाग वाटतो, 'वसाहत' लिहिल्यास तिथले काही लोक सहमत होतील आणि काही रागावतील. मी स्वतः 'अमेरिकेचा अंकित प्रदेश' असे लिहितो, आणि स्पेनकडूनच घेतलेल्या प्रशांत महासागरातील ग्वाम बेटासाठीही तेच.