वाचकांचे प्रश्न : सोलापूरच्या टँकमधून भारताच्या टीमपर्यंत

प्रश्न : सर नमस्कार, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मुलगी सातवीत आहे, १२ वर्षांची. शालेय स्पर्धेत विभागाला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये दुसरी आली, टायमिंग ३३ सेकंद. तिचे कोच म्हणतात आत्ताच पुण्याला नाहीतर बंगळुरूला पाठवा, उशीर झाला तर पोरगी वाया जाईल. सासूबाई म्हणतात दहावी होऊ दे. इंटरनॅशनलपर्यंत जायचं तर रस्ता कसा असतो आणि कधी पाठवायचं?
– एक आई

उत्तर : ताई, आधी पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या. आता ते ३३ सेकंद कुठल्या टँकमधले आहेत ते बघा. २५ मीटरच्या टँकमध्ये मधे एक टर्न येतो, भिंतीला पाय लावून जो जोर मिळतो त्यानं काही मीटर पोहण्यापेक्षा जास्त स्पीडनं निघतात, त्यात स्टॉपवॉच हातातलं असेल तर सुरुवातीला बोट जरा उशिराच पडतं, म्हणून टायमिंग अजून कमी दिसतं. नॅशनलला ५० मीटरचा टँक आणि टचपॅड असतो, म्हणजे भिंतीवरच्या पाटीला हात लागला की वेळ आपोआप नोंदते, तिथं हेच टायमिंग अर्धा-पाऊण सेकंद तरी वाढेल. वर्षातनं दोनतीनदा तिला बालेवाडीला ५० मीटरमध्ये पोहायला न्या आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा. पाठवायचं की नाही ते त्या वहीवरून ठरवा, मेडलवरून नको, कारण मेडल त्या दिवशी शेजारच्या लेनला कोण होतं त्यावर असतं.

रस्ता म्हणाल तर शालेय स्पर्धांचा एक आहे, जिल्हा, पुणे विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. तो चालू राहू द्या, पण भारताच्या टीमसाठी फेडरेशनचा, पोहण्याच्या राष्ट्रीय संघटनेचा, रस्ता धरावा लागतो, म्हणजे राज्य संघटनेकडे रजिस्ट्रेशन, राज्य स्पर्धा, मग सब-ज्युनियर आणि ज्युनियर नॅशनल. जन्मदाखला आत्ताच नीट करून घ्या, वयाच्या तपासणीत खूप मुलं अडकतात. ज्युनियर नॅशनलला वरचे नंबर आणि टायमिंगही तसं असलं की आशियाई वयोगट स्पर्धा, वर्ल्ड ज्युनियर असं पुढचं दार उघडतं, त्यानंतर सिनियर नॅशनल, एशियन गेम्स. ऑलिम्पिकचा ए कट, म्हणजे थेट प्रवेश देणारं टायमिंग, किती अवघड आहे बघा, २०२१ पर्यंत एकाही भारतीयाला तो जमला नव्हता. त्या वर्षी रोमला साजन प्रकाशनं २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये मारली, कट होता १:५६.४८, आणि पाठोपाठ श्रीहरी नटराजनं १०० मीटर बॅकस्ट्रोकचा कट गाठला. २०२४ ला पॅरिसला गेलेली धिनिधी देसिंगू १४ वर्षांची होती, तिचा फोटो दाखवून पालक विचारतात की आमची का नाही. पोरगी गुणीच आहे, पण ती जागा युनिव्हर्सलिटी कोट्यातली, म्हणजे ज्या देशाचं कुणी कट गाठत नाही त्याला दिली जाणारी होती, ए कट मारून मिळालेली नव्हती, हे कुणी सांगत नाही.

माझं मत विचाराल तर अजून दोनेक वर्षं सोलापुरातच राहू द्या. या वयात नुसतं ५० मीटर मारून घेऊ नका, २००, ४०० फ्रीस्टाइल आणि २०० मीटर आयएम (चारही स्ट्रोक एकापाठोपाठ) करायला लावा, पुढे जाऊन स्प्रिंटर झाली तरी हा पाया लागतो. आपल्याकडची अडचण मला माहितीय, उन्हाळ्यात शिबिराच्या बॅचेसनी टँक भरलेला, पाणीटंचाई आली की बंद, थंडीत पाणी गार. म्हणून पहाटेची बॅच धरा आणि टँक बंद असेल तेव्हा घरी रबर बँडनं खांद्याचे व्यायाम. १४ च्या आसपास वहीतलं टायमिंग ज्युनियर नॅशनलच्या फायनलजवळ आलं, तर मात्र दहावीसाठी थांबवू नका, तेव्हा पाठवाच.

आणि एक गोष्ट आईलाच सांगतो. १३ ते १५ मध्ये मुलींचं अंग बदलतं, वजन वाढतं, वर्ष-वर्ष टायमिंग हलत नाही, कधी मागेही जातं. आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त चांगल्या पोरी मी इथंच पोहणं सोडताना बघितल्यात, कुणी म्हणतं जाड झाली, कुणी म्हणतं मन लागत नाही, आणि पोरगी जेवण कमी करायला लागते. कृपा करून असं होऊ देऊ नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या, भाकरी, उसळ, शेंगाचटणी, अंडी पोटभर खाऊ द्या. पाळीच्या दिवसांत टँकला जायचं नाही असं घरात असेल तर तिच्याशी मोकळेपणानं बोला, टॅम्पॉन वापरून पोहता येतं, आणि खूप दुखत असेल त्या दिवशी सुट्टी घेतली तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे, ५० मीटर बटरफ्लाय. राज्याला परत चौथा आलो, ब्राँझ ०.०४ नं गेलं. बारावी आहे, सोडू का? आणि यातनं नोकरी लागते का?
– अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : अरे ०.०४ साठी पोहणं सोडतात का! कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ व्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला गेला, २०१० ला ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्ये तुझ्याच इव्हेंटला ब्राँझ घेतलं, भारताला पोहण्यात २४ वर्षांनी मिळालेलं मेडल. मग तहसीलदार झाला, पोहणं मागं पडलं, आणि तरी २०१८ ला जकार्तात ५० फ्रीस्टाइलच्या फायनलला चौथा आला, ब्राँझ ०.०१ सेकंदानं हुकलं. त्या स्पीडला ०.०१ म्हणजे दोन सेंटिमीटर, बोटाचं एक पेर. तू तुझ्या फिनिशचा व्हिडिओ काढून बघ. शेवटच्या दोन मीटरला मान वर करून भिंत शोधतोस का, की अर्धा स्ट्रोक उरला म्हणून हात लांब करून नुसता घसरत जातोस? भिंतीपासून १५ मीटरवरून फुल स्पीडनं फक्त फिनिश मार, रोज प्रॅक्टिसच्या शेवटी, स्ट्रोक मोजून, दोन्ही हात एकदम लागतील असं. एक हात आधी लागला तर डिसक्वालिफाय होशील. तुझे ०.०४ मला तिथंच दिसतात.

नोकरीचं म्हणशील तर राज्य सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडू घेतात, पण कुठल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट चालतं ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आधी विचार. जिममधल्या कुणी डब्यातली पावडर दिली तर घेऊ नको, बंदी असलेलं काही अंगात सापडलं तर दिलं कुणी हे बघत नाहीत, शिक्षा तुलाच.

प्रश्न : माझ्या भाच्याला एक हात कोपरापासून नाही, वय १०, पाण्याची खूप आवड. त्याला काही करता येईल का?
– बार्शी

उत्तर : येईल की! आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातले सुयश जाधव, लहानपणी विजेच्या अपघातात दोन्ही हात गेले, ते रिओ पॅरालिम्पिकला गेले, २०१८ ला जकार्तात एशियन पॅरा गेम्सचं ५० मीटर बटरफ्लायचं गोल्ड आणलं, २०२० ला अर्जुन पुरस्कार. पॅरा स्विमिंगमध्ये शारीरिक अपंगत्वाचे एस-१ ते एस-१० असे वर्ग असतात, तपासणी करून वर्ग ठरतो आणि त्याच वर्गातल्यांशी स्पर्धा होते. आधी त्याला एका बाजूला न वळता सरळ पोहायला शिकवणारा धीराचा कोच शोधा, तोवर सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा.