कॅलिफोर्नियात शाळा-जिल्ह्याच्या सुपरिंटेंडंटला पालक जाब विचारू शकतात का?

प्रश्न: आम्ही एच-वनवर कॅलिफोर्नियात आहोत, मुलगी तिसरीत आहे. आमच्या शाळा-जिल्ह्याचं (स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बजेट तुटीत गेलंय, दोन शाळा बंद करणार म्हणतात आणि पालक सुपरिंटेंडंटच्या, म्हणजे तिच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, राजीनाम्याची मागणी करताहेत. आम्ही नागरिक नाही. आम्ही बोललो तर चालेल का, आणि अशा मागण्यांचा काही उपयोग होतो का?

उत्तर:

चालेल, जरूर बोला. फक्त जाब कोणाला विचारायचा ते आधी नक्की करा. मी पहिलं वर्षभर चुकीच्या माणसावर राग काढत बसले होते.

माझे वडील बार्शीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. विस्तार अधिकारी येणार म्हटलं की आदल्या दिवशी मैदान झाडलं जायचं, फळ्यावर नवा सुविचार यायचा. साहेब या शब्दाचा तो धाक घेऊनच मी इथं आले आणि सुपरिंटेंडंट म्हणजे इथले शिक्षणाधिकारी, असं धरून चालले. पण शिक्षणाधिकारी सरकारचा माणूस. बदलीवर येतो, बदलीवर जातो. इथल्या सुपरिंटेंडंटला शाळा-जिल्ह्याचं बोर्ड करारावर नेमतं. पगार किती, मुदत किती, मध्येच घालवलं तर किती पैसे द्यायचे (या राज्यात फार तर बारा महिन्यांचा पगार), सगळं त्या करारात असतं आणि तो करार कोणीही मागून वाचू शकतं. बोर्डावर बहुधा पाच किंवा सात जण असतात, आपल्याच गल्लीतल्या लोकांनी निवडून दिलेले. राजीनामा हवा असेल तर बोलायचं त्यांच्याशी.

आमच्या जिल्ह्यानेही एक लहान शाळा बंद करायचं काढलं होतं, माझ्या मुलाचीच. पहिल्या बैठकीला आम्ही पालक मोठ्या संख्येने गेलो. बोलायला तीन मिनिटं मिळतात असं ऐकलं होतं; गर्दी बघून अध्यक्षांनी एकच मिनिट केलं. मी थरथरत बोलले. समोरचे सगळे शांत, कोणी मानसुद्धा हलवली नाही, आणि लगेच ‘नेक्स्ट स्पीकर’. घरी येईपर्यंत मी रागाने लाल झाले होते. नंतर कळलं की त्या शांततेला एक कायदा कारण आहे. 1953चा ब्राउन अ‍ॅक्ट म्हणतो की नियमित बैठकीचा अजेंडा 72 तास आधी लावायचा आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्डाने चर्चा किंवा निर्णय करायचा नाही. त्या दिवशी आमची शाळा अजेंड्यावर नव्हतीच. बंद दाराआड निर्णय होऊ नयेत म्हणून केलेला कायदा, आणि मला तो तोंडावर दार आपटल्यासारखा लागला.

तेव्हापासून मी अजेंडा वाचते. त्यातही ‘कन्सेंट’ नावाचा भाग आधी. रोजच्या किरकोळ मंजुऱ्या म्हणून वीस-तीस बाबी एकगठ्ठा, चर्चेशिवाय पास होतात. कोणा सल्लागाराच्या कराराची मुदतवाढ बहुतेक वेळा इथंच बसलेली असते. एखादी बाब तिथून बाहेर काढून तिच्यावर चर्चा करा, अशी विनंती बोर्डाच्या सदस्याला करता येते. आमच्याकडे एका पालकाने असंच केलं आणि त्या रात्री पहिल्यांदा सुपरिंटेंडंटला माइकसमोर उत्तर द्यावं लागलं. कागद हवे असतील तर आपल्या माहिती अधिकारासारखा पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट आहे. साध्या ईमेलवर अर्ज चालतो आणि कागद देता येतील की नाही ते दहा दिवसांत कळवावं लागतं. प्रत्यक्ष कागद हातात पडायला महिने लागू शकतात, तेवढी मनाची तयारी ठेवा.

तुटीबद्दल एक सांगते, कारण याची झळ आपल्या घरांपर्यंत येते. इथं राज्य सरकार पैसे पटावरच्या संख्येवर देत नाही, सरासरी रोजच्या हजेरीवर देतं. मुलं कमी झाली की पैसे कमी, आणि मुलं गैरहजर राहिली तरी कमी. डिसेंबरात पाच आठवडे पुण्याला जाऊन येणारी आपली कुटुंबं (मीही त्यातलीच) याच तुटीत भर घालतात. जाण्याआधी शाळेकडून इंडिपेंडंट स्टडीचा, म्हणजे शाळेबाहेर राहून अभ्यास करण्याचा, करार करून घेतला आणि मुलाने दिलेला अभ्यास पुरा केला तर ती हजेरी धरता येते. व्यवस्थापनाला धारेवर धरताना हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

उपयोग होतो का, हे बघायला सॅन फ्रान्सिस्को पुरेसं आहे. 2020च्या मार्चपासून तिथल्या सरकारी शाळा बंद होत्या, आणि जानेवारी 2021मध्ये बोर्डाने वेळ घालवला तो 44 शाळांची नावं बदलायच्या ठरावावर. यादीत लिंकन आणि वॉशिंग्टनसुद्धा होते, आणि इतिहासाच्या ढोबळ चुकाही. त्यातच लोवेल हायस्कूलचे गुणांवरचे प्रवेश सोडतीवर नेले. चिडलेल्या पालकांतून शिवा राज, हे मूळचे भारतातलेच, आणि ऑटम लुइजेन यांनी सदस्यांना परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची, मोहीम काढली. प्रत्येक सदस्यासाठी 51,325 वैध सह्या हव्या होत्या. त्याहून कितीतरी जास्त जमल्या. 15 फेब्रुवारी 2022ला मतदान झालं आणि सातांपैकी तिघे मोठ्या फरकाने घरी गेले. बाकीचे चौघे वाचले, कारण नुकतेच निवडून आल्यामुळे त्यांच्यावर रिकॉल लावताच येत नव्हतं.

लोक ही गोष्ट इथंच संपवतात. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जिल्ह्याने पगाराची नवी संगणक प्रणाली आणली आणि शिक्षकांचे पगार अडकले, चुकले. मार्चमध्ये शिक्षक जिल्ह्याच्या कचेरीत ठिय्या देऊन बसले. तूट राहिलीच. 2024च्या ऑक्टोबरमध्ये डझनभर शाळा बंद किंवा विलीन करण्याची यादी आली, पुन्हा गदारोळ झाला, सुपरिंटेंडंट मॅट वेन यांनी राजीनामा दिला आणि यादी मागे पडली. रिकाम्या वर्गांचा खर्च मात्र तिथंच. म्हणून राजीनाम्याच्या घोषणेवर माझा फारसा जीव नाही. माणूस जातो, नवीन माणसाला वहीखातं समजायला वर्ष जातं, आणि तोवर पालक थकून घरी गेलेले असतात.

तरी बार्शीला फोन केला की वाटतं, निदान समोर बसायला कोणी निवडून आलेलं तरी आहे. 2022पासून कित्येक वर्षं आपल्याकडच्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होता. शाळेचं छत गळतं म्हणून जाब विचारायला सदस्यच नव्हते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवलेत, पण समितीची सही बऱ्याचदा घरी रजिस्टर पाठवून घेतली जाते. इथलं सगळं छान आहे असं नाही, इतकंच की दार कुठं आहे ते कळतं.

आता तुमच्या व्हिसाबद्दल. बैठकीत बोलायला, पत्र लिहायला, कागद मागायला नागरिकत्व लागत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही. रिकॉलच्या अर्जावर मात्र नोंदणीकृत मतदारच सही करू शकतो, तेव्हा पार्किंगमध्ये कोणी वही पुढे केली तर नम्रपणे नाही म्हणा. सॅन फ्रान्सिस्कोत 2016च्या जनमतानंतर नागरिक नसलेले पालकही शाळा-बोर्डासाठी मत देऊ शकतात, पण ती सवलत त्या शहरापुरती. ते ऐकून स्वतःच्या गावात मतदार नोंदणी करायला जाऊ नका, ग्रीन कार्डाच्या वेळी ते प्रकरण अंगाशी येईल.

आमची शाळा एक वर्ष वाचली आणि मग बंद झालीच. त्या वर्षात बसचा मार्ग आणि भावंडांना एकाच शाळेत ठेवायचं, एवढं आम्ही लिहून घेतलं. बैठक मंगळवारी असेल तर अजेंडा बहुधा शुक्रवारी संध्याकाळी लागतो. आणि बोलायची चिठ्ठी विषय सुरू होण्याआधी टेबलावर द्यायची असते. मी पहिल्यांदा ती न देताच रांगेत उभी राहिले होते, मागच्या एका आजीबाईंनी स्वतःचं पेन काढून माझ्याकडून भरून घेतली.