टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार: कोकणातून जाताना काय धरून चालावं?

प्रश्न: आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. माझं वय ३६. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आयव्हीएफ सुचवलं आहे. मार्च ते मे यजमानांना बाग सोडता येत नाही. कितीदा जावं लागेल, किती दिवस राहावं लागेल? (देवगड)

पहिल्या भेटीला दोघांनी जा आणि त्याच भेटीत जास्तीत जास्त कामं उरकून घ्या: तुमची एएमएच (अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी) आणि थायरॉइडची रक्ततपासणी, सोनोग्राफी, यजमानांची वीर्यतपासणी, दोघांच्या एचआयव्ही व काविळीच्या तपासण्या, संमतीपत्रांवर सह्या. यजमानांचा नमुना त्याच वेळी गोठवून ठेवायला सांगा. गोठवल्यावर शुक्राणूंची हालचाल थोडी मंदावते. पण इक्सी या पद्धतीत एका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सोडतात, त्यामुळे अडत नाही. नमुना देण्याआधी २ ते ५ दिवस संबंध टाळायचा. त्यांना गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर ते आवर्जून सांगा. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात आणि तापाचा परिणाम तेवढे दिवस रेंगाळतो.

पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी इंजेक्शनं सुरू होतात. ती पोटावर घ्यायची असतात, सुई बारीक असते, घरी स्वतः घेता येतात. ८ ते १२ दिवस रोज एक. पाचव्या-सहाव्या दिवसापासून स्त्रीबीज वेळेआधी फुटू नये म्हणून दुसरं एक जोडतात. या काळात ४-५ सोनोग्राफ्या होतात. सुरुवातीची एखादी कणकवलीत करून रिपोर्ट मोबाइलवर पाठवला तर चालेल का, हे आधीच विचारा. काही डॉक्टर हो म्हणतात. सहाव्या दिवसापासून मात्र कोल्हापुरातच मुक्काम ठेवा. डोस रोज बदलू शकतो, आणि पावसाळा असेल तर घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडण्याची धास्ती वेगळीच.

दोन-तीन फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीज वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या, १७-१८ मिलिमीटरचे झाले की ट्रिगरचं, म्हणजे स्त्रीबीजं पक्व करणारं शेवटचं, इंजेक्शन देतात. सगळ्या उपचारात घड्याळ पाहून करायची गोष्ट ही एकच. सोमवारी रात्री ९ ला ट्रिगर घेतलं तर पिक-अप, म्हणजे स्त्रीबीजं काढणं, बुधवारी सकाळी ७ ते ९ च्या दरम्यान, ३४ ते ३६ तासांनी. फार लवकर काढली तर स्त्रीबीजं कच्ची मिळतात, उशीर झाला तर ती आधीच फुटून गेलेली असतात. ट्रिगर घ्यायला तास-दोन तास उशीर झालाच तर लपवू नका, लगेच फोन करा. ऑपरेशनची वेळ पुढे घेता येते. पिक-अप भूल देऊन १५-२० मिनिटांत होतं. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं आणि त्या दिवशी घाट उतरून घरी यायचं नाही.

ताजा, म्हणजे न गोठवलेला, गर्भ सोडणार असतील तर तो पिक-अपनंतर तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी, म्हणजे एकूण मुक्काम सुमारे दोन आठवडे. गर्भ गोठवणार असतील तर पिक-अपनंतर दोन-तीन दिवसांनी घरी येऊन पुढच्या एखाद्या पाळीत ट्रान्सफरसाठी, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडून घ्यायला, जाता येतं. आंब्याचा हंगाम संपेपर्यंत थांबावं का? दोन-तीन महिन्यांनी सहसा फारसं बिघडत नाही. पण एएमएच कमी आला असेल तर ३६ व्या वर्षी थांबायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रश्न: इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवायला सांगितली आहेत. आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते. (गुहागर)

फ्रीजचं दार उघडलं नाही तर चार तास तरी गारवा टिकतो. औषध मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटून तर मुळीच नको. २ ते ८ अंश हवेत. एकदा गोठलेलं इंजेक्शन पुन्हा वितळलं तरी वाया गेलं असं समजा. काही पावडरच्या इंजेक्शनांवर ‘२५ अंशांखाली’ एवढंच लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी घरातही पारा त्याच्या वर असतो, तेव्हा तीही फ्रीजमध्येच. एसटीने नेताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा, बर्फ औषधाला थेट लागू देऊ नका.

प्रश्न: पिक-अपला तीन दिवस झाले. पोट फुगलंय, नेसलेली साडी घट्ट होते. १९ स्त्रीबीजं निघाली होती. (चिपळूण)

थोडं फुगणं सगळ्यांनाच होतं. पण संख्या मोठी आहे, तेव्हा जपा. अंडाशयांना औषधाची फार जोराची प्रतिक्रिया आली की रक्तातलं पाणी पोटात झिरपतं. पीसीओडी (अंडाशयात खूप लहान फॉलिकल साठण्याचा विकार) असलेल्या आणि एएमएच जास्त असलेल्या तरुण बायकांना हा धोका अधिक. रोज सकाळी वजन करा. दिवसाला किलोभराहून जास्त वाढ, लघवी कमी किंवा गडद, उलट्या थांबत नाहीत, आडवं पडल्यावर धाप लागते, पोटरी एका बाजूची सुजून दुखते, यातलं काहीही झालं तर रात्र काढू नका. एकाच बाजूला अचानक कळ आली तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. म्हणून सध्या कळशी-हंडा उचलू नका, वाकून झाडलोट नको.

मीठ घातलेली पेज, ताक, शहाळं, अंडी, डाळ घ्या. दुखलं तर पॅरासिटॅमॉल चालेल, इतर वेदनाशामक नकोत. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी कुणी सुचवली तर मनाने घेऊ नका, रक्त आणखी घट्ट होतं. एका कागदावर पिक-अपची तारीख, स्त्रीबीजांची संख्या, औषधांची नावं आणि डॉक्टरांचा फोन लिहून पर्समध्ये ठेवा. गावातल्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. अशा वेळी सगळे गर्भ गोठवून ट्रान्सफर पुढे ढकलतात. ते तुमच्याच भल्याचं आहे. लगेच दिवस राहिले तर हा त्रास वाढतो.

प्रश्न: १२ स्त्रीबीजं निघाली, गोठवायला तीनच गर्भ. बाकीची गेली कुठे? (राजापूर)

तुम्हाला आलेली शंका स्वाभाविक आहे, आणि केंद्राने हा हिशेब आधीच सांगायला हवा होता. बारांपैकी नऊ-दहा पक्व निघतात. त्यांतल्या साधारण ६० ते ७० टक्के फळतात. ते शुक्राणू सोडल्यावर १६ ते १८ तासांनी कळतं. म्हणजे सहा-सात. त्यातले निम्म्याहून कमी पाचव्या दिवसापर्यंत पोचतात. तिसऱ्या दिवसापर्यंतची वाढ बरीचशी स्त्रीबीजाच्या शिदोरीवर चालते, पुढे गर्भाची स्वतःची गुणसूत्रं कामाला लागतात आणि ज्यांच्यात दोष आहे त्यांतले बरेच तिथे थांबतात. बारांतून तीन ही चांगली संख्या आहे. रोजची नोंद लेखी मागा, ती देता येते.

प्रश्न: सासूबाई म्हणतात, एवढा खर्च करतोय तर मुलगाच घ्या. तसं करतात का? (नाव-गाव नको)

नाही. भारतात गर्भाचं लिंग पाहून निवडणं गुन्हा आहे. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. स्त्रीचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ लागतं. ‘तेही बघून देतो’ असं कुणी सुचवलं तर तिथून उठा.

प्रश्न: ट्रान्सफरनंतर पडून राहायचं का? सावंतवाडीपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा आहे. (सावंतवाडी)

नको. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, खड्ड्यांनी किंवा जिना चढल्याने गर्भ निसटत नाही. सक्तीच्या विश्रांतीने गर्भ रुजण्याची शक्यता वाढत नाही. हलकं काम करा. बांगडा, तारली खुशाल खा; मुशीसारखे मोठे मासे टाळा, त्यांत पारा जास्त असतो. मिश्री, तंबाखू घरात असेल तर आधीच सोडा.

प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवायला दिलेलं संप्रेरक, चुकवू नका. त्यानेच छाती जड होते, शौचाला कडक होते, म्हणून लक्षणांवरून काही ठरवू नका. डाग दिसला तरी औषध मनाने थांबवू नका. घरची लघवीची पट्टी लवकर केली तर ट्रिगरच्या इंजेक्शनमुळेही दोन रेघा येऊ शकतात. १० ते १४ दिवसांनी, दिलेल्या तारखेला बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिले का ते सांगणारी रक्ततपासणी, करा. ते सावंतवाडीतही होतं. ४८ तासांनी पुन्हा सांगितलं तर त्याच लॅबमध्ये जा, वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे जुळत नाहीत. सहा-सात आठवड्यांच्या सोनोग्राफीआधी एका बाजूला जोरात दुखलं किंवा भोवळ आली तर लगेच दवाखाना गाठा. गर्भाशयात सोडलेला गर्भही कधीकधी गर्भनळीत रुजतो.