मॅन्युफॅक्चर्ड की मोड्युलर?

अरे, अमेरिकेत घर घ्यायला निघालायस, तर फॅक्टरीत बनलेली सगळी घरं सारखीच असं धरून चालू नकोस. तिथे मॅन्युफॅक्चर्ड म्हणजे खाली कायमची स्टीलची चासी, देशभर एकच हुड कोड, म्हणजे तिथल्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याचे (HUD) बांधकामाचे नियम, १५ जून १९७६ पासूनचे, बाहेरून प्रत्येक सेक्शनला छोटं लाल पत्र्याचं लेबल असतं, ते दिसलं नाही तर आधी त्या लेबलचा कागद माग. स्वस्त पडतं हे खरं, पण बऱ्याचदा जमीन भाड्याची, म्हणजे आपल्या गिरगावातल्या पागडीसारखं, खोली आपली नि जागेचा मालक दुसराच, आणि मग साधं होम लोन सहसा मिळत नाही, मिळतं ते जास्त व्याजाचं. मोड्युलरही फॅक्टरीतच भागाभागांत बनतं, पण त्या राज्याच्या नेहमीच्या बिल्डिंग कोडने पक्क्या पायावर बसतं. जमीन स्वतःची घेणार असशील तर सरळ मोड्युलर. डोंबिवलीचा फ्लॅट विकून जातोयस ना, मग क्रेन, पाया, पाणी-लाईटचं कनेक्शन कोटेशनमध्ये धरलंय का ते आधी लिहून घे, तोंडी काही नको.