पाळत, टेहळणी आणि ‘कद्दालिके’

खानापूरच्या एका वाचकाने विचारले आहे : ‘कन्नड पेपरात फोन कद्दालिके असा सुटसुटीत शब्द येतो, आपल्या बेळगावच्या मराठी पेपरात मात्र फोन टॅपिंग. मराठीत शब्दच नाही का? आणि पाळत, टेहळणी, हेरगिरी एकच की वेगवेगळे?’

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे मराठीने फार बारीक काम करून ठेवले आहे. प्रत्यय बघा. पाळत कोणावर तरी असते, टेहळणी कशाची तरी. येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभे राहिलात तर सगळ्या मुलखाची टेहळणी करता येईल; पण त्या मुलखातल्या एकाच माणसामागे साध्या वेशातला पोलीस फिरू लागला की ती त्याच्यावरची पाळत. काळ्या दिनाच्या फेरीवरून ड्रोन फिरला तर लिहावे टेहळणी. त्याच चित्रीकरणातून एखादा कार्यकर्ता निवडून त्याचे येणे-जाणे टिपू लागले, तर लिहावे पाळत. हेरगिरी याहून वेगळी. हेर परक्याच्या गोटात शिरतो. बहिर्जी नाईक हेर होते ते या अर्थाने. सरकार आपल्याच नागरिकांवर ‘हेरगिरी’ करते असे म्हणणे हा आरोप आहे आणि तो तसा जाणूनबुजून करावा, बातमीच्या ओघात सहज नको.

पाळत हा ‘पाळणे’च्या कुळातला, म्हणजे मुळात राखण. कन्नडचा ‘कण्गावलु’ही तसाच : कण्णु म्हणजे डोळा, कावलु म्हणजे राखण. राखणाऱ्याची नजर कधी वेळ साधणाऱ्याची होते, हे दोन्ही भाषांनी ओळखले आहे.

हा नुसता व्याकरणाचा मुद्दा नाही. उत्तर प्रदेशात पोलिसांच्या नियमांनुसार नोंदीतल्या माणसांच्या घरावर गुपचूप पहारा असे आणि रात्री घरी जाऊन झडती-चौकशीही होई. १९६२ च्या खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी रद्द केल्या, बाकीची पाळत मात्र राहू दिली. न्या. सुब्बा राव यांनी अल्पमतात सांगितले की सगळा नियमच घटनाबाह्य आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायाधीशांनी एकमताने म्हणायला २०१७ उजाडावे लागले.

आता कद्दालिके. कद्दु म्हणजे चोरून, आलिके म्हणजे ऐकणे. शब्द चपखल आहे आणि कर्नाटकात त्याला इतिहासही आहे : १९८८ साली मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना फोन टॅपिंगच्याच प्रकरणात पायउतार व्हावे लागले, २०१९ मध्ये अशाच आरोपांची चौकशी राज्य सरकारने सीबीआयकडे दिली. तरी हा शब्द जसाच्या तसा मराठीत आणू नये असे माझे मत आहे. त्यात चोरी गृहीत धरलेली आहे आणि प्रत्येक टॅपिंग बेकायदा नसते. १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५(२) मध्ये सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तरच ही मुभा होती. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अटी घातल्या : हुकूम गृहसचिवांचा हवा, कोणाचे बोलणे ऐकायचे ते त्यात नमूद हवे, मुदत दोन महिने, वाढवून फार तर सहा, आणि वर आढावा समिती. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही हुकमाची चौकट आहेच. म्हणून हुकूम असेल किंवा आहे की नाही ते ठाऊक नसेल, तर ‘टॅपिंग’च बरे. तो शब्द आता आपला झाला आहे. हुकूमच नव्हता असे सिद्ध झाले, की निःसंकोच लिहावे : ‘चोरून ऐकले’. शब्द मराठीत आहे, फक्त तो क्रियापदात आहे.

आढावा समितीत मात्र सगळे सचिवच, न्यायाधीश एकही नाही. ज्याचे बोलणे ऐकले त्याला नंतरही कळवले जात नाही, मग तो दाद मागणार कशी? आयबीची, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर विभागाची, मुळे १८८७ पर्यंत जातात, तरी तिच्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने तिला वगळले आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंग एवढ्याच फटी उघड्या आहेत. २०११ साली काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी गुप्तचर संस्थांना कायद्याखाली आणणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, त्याचाही कायदा झाला नाही.

म्हणूनच बातमीत ‘पाळत ठेवली जात होती’ हे वाक्य मला खटकते. कर्ता गायब होतो. ‘कोणी, कोणाच्या हुकमाने’ हे कळले असेल तर लिहा, कळले नसेल तर ‘हुकूम कोणाचा ते सरकारने सांगितलेले नाही’ असे लिहा. ते वाक्य लांबले तरी चालेल.